एकनाथच्या शेजारची सीट

एकनाथ भुवडाला जगात दोनच माणसांची भीती वाटायची. एक त्याचा अर्बाब, म्हणजे मस्कतचा मालक, नासिर, आणि दुसरी त्याची बायको सुगंधा. साडूची भीती वाटायचं काही कारणच नव्हतं. साडूचा त्याला राग यायचा, आणि तो राग त्याने सतरा वर्षं जपून ठेवला होता, कापराच्या वड्या घालून पेटीत ठेवलेल्या शालूसारखा. वर्षातून एकदा काढायचा, ऊन दाखवायचं, पुन्हा घडी घालायची.

साडूचं नाव बाळकृष्ण शिगवण. सुगंधाच्या थोरल्या बहिणीचा, श्यामलाचा नवरा. पाटबंधारे खात्यात अधीक्षक. माणूस हुशार, अक्षर सुरेख, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण अर्ज घेऊन आलोय असं वाटावं. सतरा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नात एकनाथ रजा काढून, नवा सफारी घालून आला होता. बाळकृष्णरावांनी त्याला खांद्याला धरून मुलीकडच्या मंडळींपुढे उभं केलं आणि म्हणाले, "हे आमचे साडू. परदेशात असतात. ड्रायव्हर आहेत." इथवर ठीक होतं, ड्रायव्हर तर तो होताच. पण पुढच्याच वाक्याला त्यांनी जीपची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "तीन नंबरच्या गाडीने पाहुणे येतायत, जरा स्टँडवरून आणा बघू." एकनाथने तीन खेपा केल्या. परत आला तेव्हा शेवटची पंगत उठून पत्रावळी कुत्र्यांनी ओढायला सुरुवात केली होती. त्याच्या वाट्याला भात आला, वरण आलं, आणि जिलबीच्या रिकाम्या पातेल्यातला पाक आला. तो पाक त्याने खाल्ला नाही, पण विसरलाही नाही.

तर असा हा एकनाथ गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतला. शाळा सातवीपर्यंत, ती पण पावसाळ्यात ओढा उतरला तर. गाडी शिकला कुंभार्ली घाटात, इक्बाल मुकादम नावाच्या उस्तादांकडे. ज्या गियरात गाडी चढते त्याच गियरात ती उतरवायची, आणि उतारावर ब्रेकला पाय लावायचा तो फक्त आठवण करून द्यायला, टेकायला नव्हे, हा त्यांचा धडा. डोळ्यांदेखत एक भरलेला ट्रक दरीत गेलेला एकनाथने पाहिला होता. त्या ड्रायव्हरला डिझेल वाचवायची सवय होती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडायचा. ट्रकची चाकं वर करून पडलेली आकृती एकनाथच्या मनातून कधी गेली नाही, आणि उतारावर न्यूट्रल हा शब्द त्याच्या कानाला शिवीसारखा लागायचा.

मस्कतला येऊन त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची चौदा नासिर अर्बाबकडे, अल अमेरातला. मोठा पांढरा बंगला, मागे दोन खोल्या, त्यात एकनाथ आणि सुगंधा. सुगंधा बंगल्यात स्वयंपाक करायची. अर्बाबला तिच्या हातची घावनं आवडायची, मधाबरोबर खायचा. मुलगी पूर्वा चिपळूणला नर्सिंगला होती आणि तिची दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं काढायची आणि मग गावी जाऊन स्वतःच्या आंब्याखाली बसायचं, असा नवरा-बायकोचा बेत ठरलेला.

अर्बाबकडे एक मोठी फोर-व्हील गाडी होती, पांढरी, आतून चामड्याची. तिच्यावर त्याचा जीव. त्या गाडीला एकच कायदा होता. किल्ली ज्याला दिली त्याचाच हात. दुसरा हात लागता कामा नये. एकनाथच्या आधीच्या ड्रायव्हरने एकदा हौसेने मावसभावाला गाडी चालवायला दिली होती, रिकाम्या मैदानात, पाच मिनिटं. गाडीला ओरखडासुद्धा गेला नव्हता. तरी आठवड्याच्या आत तो ड्रायव्हर विमानात बसला. अर्बाब ओरडला नाही, फक्त "खलास" म्हणाला. एकनाथला किल्ली देताना त्याने ही हकीकत सांगितली होती आणि विचारलं होतं, "समझा?" एकनाथ म्हणाला, "समझा अर्बाब." चौदा वर्षं तो समजलेलाच होता.

दोन हजार तेराच्या सप्टेंबरात साडू आले.

म्हणजे ते आले मुलाकडे. त्यांचा कौशिक इंजिनियर, मस्कतमधल्याच मदिनत सुलतान काबूसला फ्लॅट. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच परदेश बघायला नवरा-बायको महिनाभर आले. चार-पाच दिवसांत समुद्र पाहून झाला, मॉल पाहून झाले, आणि मग बाळकृष्णरावांनी कुठल्याशा पुस्तिकेत जबल अखदरचा फोटो पाहिला. हिरवा डोंगर, सात हजार फूट उंच, कड्यावर टांगलेली गावं, डाळिंबाच्या बागा. कौशिकला सुट्टी नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. त्या डोंगराच्या पायथ्याला पोलिसांची चौकी आहे. साधी गाडी ते वर सोडतच नाहीत. फोर-व्हील लागते.

फोर-व्हील कुणाकडे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाळकृष्णराव फोन करेनात. शेवटी श्यामलाने बहिणीला केला.

"ताई पहिल्यांदा आलीय," सुगंधा एकनाथला म्हणाली.

"मग ताईला नेतो. तिला न्यायला मी कधी नाही म्हटलं?"

"आणि भावोजी?"

"भावोजींना एसटीने येऊ दे. तीन नंबरच्या."

दुसऱ्या दिवशी सुगंधाने अर्बाबला सकाळी घावनं वाढली, मध जरा जास्त घातला, आणि आपल्या मोडक्या अरबीत विचारून टाकलं. अर्बाबचं मूळ गाव त्याच डोंगरावर. त्याची म्हातारी बहीण अजून वर बागेत राहायची. तो म्हणाला, ने, आणि येताना बहिणीकडून डाळिंबांच्या चार पेट्या आण. मग एकनाथला बोलावलं, गाडीकडे बोट केलं, आणि स्वतःचा पंजा वर करून दाखवला. एकनाथने मान हलवली.

शुक्रवारी सकाळी सहाला गाडी मदिनत सुलतान काबूसला उभी राहिली. बाळकृष्णराव खाली आले ते टोपी, काळा चष्मा, पाण्याची बाटली अशा थाटात. एकनाथने उतरून मागचं दार उघडलं.

"मागे नको," ते म्हणाले, "मागे बसलं की मला मळमळतं." आणि स्वतःच पुढचं दार उघडून बसले. बहिणी मागे बसल्या. एकनाथला खरं तर तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण कायदा हाताचा होता, सीटचा नव्हता, असं त्याने मनाशी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

फंजा गेलं, समाईल गेलं. डोंगर दोन्ही बाजूंनी उघडे, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. बहिणी माहेरच्या गप्पा मारत होत्या. पुढच्या दोघांमध्ये मात्र एअर कंडिशनर तेवढा चालू होता. इझ्कीच्या आसपास बाळकृष्णराव म्हणाले, "काय हो एकनाथराव, पगारवाढ वगैरे होते का इथे, की नुसतं चहापाणी?"

"होते."

"नाही, म्हटलं ड्रायव्हरच्या नोकरीत बढती ती काय होणार? मोठी गाडी मिळाली म्हणजे बढती."

"तुमच्या खात्यात कशी व्हायची?" एकनाथने विचारलं. "मोठं धरण गळलं की?"

मागे श्यामला खोकली. सुगंधाने बहिणीला बिस्कीट दिलं.

बिरकत अल मौझला केळीच्या बागा लागल्या आणि त्यांच्या मागे जुन्या मातीच्या घरांची पडकी रांग. तिथून वळण घेतलं की चौकी. पोलिसाने गाडीकडे पाहिलं, एकनाथचं लायसन पाहिलं, नंबर लिहिला. बाळकृष्णरावांनी खिशातून आपलंही लायसन काढून पुढे केलं. पोलिसाने ते उलटंसुलटं करून परत दिलं आणि एकनाथला विचारलं, "हा पण चालवणार?"

"ला," एकनाथ म्हणाला. नाही.

"काय म्हणाला?" बाळकृष्णरावांनी विचारलं.

"म्हणाला, फोटो छान आलाय."

मग चढण. रस्ता उत्तम, तीन पदरी, पण आकाशाकडे तोंड करून गेलेला. एकनाथने गियर खाली घेतला. गाडी हुंकारत चढू लागली. एका वळणावर सगळी बिरकत अल मौझची हिरवळ तळहाताएवढी झाली, दुसऱ्या वळणावर दिसेनाशी झाली. श्यामला काचेला नाक लावून बसली होती, म्हणत होती, बाई गं, बाई गं. बाळकृष्णराव मात्र तपासणीवर आल्यासारखे. इथे कठडा बुटका आहे. इथे मोरी हवी होती. हे वळण कुणी आखलं, त्याला निलंबित केला पाहिजे. वाटेत जागोजाग रस्त्याच्या कडेला चढावर गेलेल्या फसव्या वाटा होत्या, जाड खडी भरलेल्या, कुठेच न जाणाऱ्या. ते म्हणाले, "आणि हे बघा, अर्धवट सोडलेलं काम."

"ते सोडलेलं काम नाही. उतारावर ब्रेक गेला तर गाडी तिथे घालायची. खडीत रुतून थांबते."

"हं," ते म्हणाले, "ज्याला चालवता येत नाही त्याच्यासाठी."

सैकच्या पठारावर हवा एकदम गार झाली. गाडीतून उतरल्यावर श्यामलाने पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाली, "सुगंधा, महाबळेश्वर गं." समोर खोल दरी, आणि पलीकडच्या कड्यावर तीन गावं एकावर एक मांडलेली. घरं दगडाच्याच रंगाची, त्यांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, शेतात डाळिंबं. अर्बाबच्या बहिणीचं घर त्यातल्या एका गावात. गाडी वर ठेवायची आणि पायऱ्या उतरून खाली जायचं.

आता तिथली एक पद्धत सांगायला हवी. त्या गावांतून पाणी वाहतं ते दगडी पाटातून. त्याला ते फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून निघाल्याबरोबर पहिलं पाणी प्यायला, पुढे मशिदीला, त्याच्या पुढे धुण्याला, आणि मग बागांना, घराघराच्या पाळीने. एकनाथला हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच्या वाडीत सुपारीच्या बागांना असाच पाट होता, अशीच पाळी होती, आणि वरच्या अंगाला कुणी पाय धुतले तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बाळकृष्णराव त्याच तालुक्यातले. शिवाय बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात.

पण खात्यात राहून त्यांनी पाणी कागदावरच पाहिलं असावं. एकनाथ पेट्या बघायला बागेत गेला आणि पाच मिनिटांनी वर आला, तर साडू गावाच्या वरच्या टोकाला, जिथे पाणी पहिल्यांदा उजेडात येतं तिथे, बूट-मोजे काढून, पाटात गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसलेले. मोजेही पाण्यात, दगडाखाली दाबून भिजत घातलेले. समोर अर्बाबची बहीण उभी. हातात रिकामी घागर.

म्हातारी ओरडली नाही. तिच्या घराण्यातच कुणी ओरडत नसावं. तिने घागर खाली ठेवली आणि नुसती बघत राहिली.

"पाय काढा," एकनाथ म्हणाला.

"थंडगार आहे हो. या तुम्हीही."

"बाळकृष्णराव, हे पिण्याचं पाणी आहे. पाय काढा आधी."

"वाहतं पाणी आहे. वाहत्या पाण्याला दोष नसतो. मी खात्यात होतो, मला सांगू नका."

एकनाथने वाकून दगडाखालचे मोजे काढले, पिळले, आणि साडूच्या मांडीवर ठेवले. तेव्हा कुठे पाय बाहेर आले. म्हातारी एकनाथकडे वळून दोन वाक्यं बोलली. बाळकृष्णरावांनी विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली होती, या माणसाला माझ्या पाण्यापासून लांब ने. एकनाथ म्हणाला, "विचारतायत, पाहुणे सरकारी खात्यातले का?"

तरी तिने घरी नेलं. सतरंजी टाकली, खजूर ठेवला, कावा केला, म्हणजे वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी. पण पेला पहिला एकनाथला दिला, मग बायकांना, आणि अगदी शेवटी साडूंना. बाळकृष्णरावांच्या ध्यानात ते आलं. मानपानाचं खातं त्यांचं पक्कं होतं. जिलबीच्या पातेल्याची आठवण एकनाथला तिथे, त्या पहाडावर, खजूर खाताना झाली, आणि कबूल करायला हरकत नाही, त्याला खजूर जरा जास्त गोड लागला.

तिथेच खरं तर बिघडलं. पायऱ्या चढून गाडीकडे येताना बाळकृष्णराव धापा टाकत होते. पेट्या मागे चढवल्या. ते पुन्हा पुढे बसले. एकनाथ म्हणाला, "उतार आहे, मागे बसलात तर बरं."

"तुमच्या गाडीत बसायला परवानगीचा अर्ज करू का?"

"अहो, बसू दे ना," श्यामला मागून म्हणाली. "मळमळतं त्यांना."

उतार सुरू झाला. एकनाथने गियर दोनवर आणला. इंजिन घुमू लागलं, गाडी कशी दोरीने धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. ब्रेकवर पाय नाही. मागून दोन गाड्या पुढे निघून गेल्या.

"काय हे इंजिन रडवताय," बाळकृष्णराव म्हणाले.

एकनाथने पुढचं वळण घेतलं.

"तीस वर्षं मी गाडी चालवली, कुंभार्ली म्हणा, आंबा घाट म्हणा. उतार लागला की न्यूट्रल. वरून सोडली की पायथ्याला. एक थेंब पेट्रोल नाही."

"इथे पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त आहे."

"प्रश्न किमतीचा नाही, शिस्तीचा आहे. फुकट जाळायचं ते का? दुसऱ्याचं आहे म्हणून?"

"बाळकृष्णराव, आता बोलू नका. उतार आहे."

"ड्रायव्हरने मला सांगायचं, बोलू नका," ते म्हणाले, हसले, आणि हात लांब करून त्यांनी गियरचा दांडा पुढे सारला.

इंजिन गप्प झालं. इतकं गप्प, की मागे सुगंधाने बोलणं अर्धवट सोडलं. गाडीची दोरी कुणी कापली असं वाटलं आणि ती सुटली. एकनाथने दांड्यावर हात टाकला, तर तिथे साडूचा हात. घट्ट. "सोडा," एकनाथ म्हणाला. "बघा तर, कशी जातेय," ते म्हणाले. एकनाथ मागे ओढतोय, ते पुढे दाबतायत. सतरा वर्षांचं सगळं त्या वीतभर दांड्यावर येऊन बसलं. पाच-सहा सेकंद गेले असतील. तेवढ्यात काटा चाळिसावरून सत्तरवर गेला. एकनाथने ब्रेक दाबला, गाडी दबली, पुन्हा दाबला, आणि जळका वास आला. समोर डावीकडे वळण, वळणाच्या पलीकडे नुसतं आभाळ. आणि वळणाच्या अलीकडे, उजव्या हाताला, ती अर्धवट सोडलेल्या कामासारखी खडीची वाट.

एकनाथने दांडा सोडून दिला. दोन्ही हात चाकावर घेतले आणि गाडी खडीत घातली.

आवाज असा झाला की डोंगर दात खातोय. खडी काचेवर, छतावर. पेट्यांतली डाळिंबं उसळून पुढे आली आणि बायकांच्या डोक्याखांद्यावर आदळली. मग गाडी चढावर रुतली, थरथरली, थांबली. एक डाळिंब अजून गडगडत होतं. ते पुढे येऊन बाळकृष्णरावांच्या पायापाशी टेकलं.

कुणाला काही झालं नव्हतं. श्यामलाच्या कपाळाला टेंगूळ, एवढंच. सुगंधा उतरली, नवऱ्याकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, आणि खडीवर बसून डाळिंबं गोळा करायला लागली. गाडीचा पुढचा बंपर फाटून लोंबत होता.

एकनाथ त्या बंपरसमोर उभा राहिला. त्याला बंपर दिसतच नव्हता. त्याला वर केलेला पंजा दिसत होता.

"ब्रेक फेल सांगा," बाळकृष्णराव खालच्या आवाजात म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता, पण डोकं चालू होतं. "ब्रेक फेल. मशीन आहे, बिघडतं. कुणाचा दोष नाही."

"ब्रेक मी बघतो," एकनाथ म्हणाला. "दर महिन्याला मी बघतो. फेल म्हटलं तर माझी निगा फेल."

"मग काय सांगणार? माझं नाव?"

पोलीस आले, क्रेन आली, त्यांनी विचारलं ते एकनाथने जसंच्या तसं सांगितलं. मग त्याने फोन काढला. साडू समोर उभे राहून ओठांनी ब्रेक, ब्रेक असं करत होते.

अर्बाबने तीन प्रश्न विचारले. माणसं? ठीक. गाडी? बंपर गेला. आणि हात कुणाचा?

नोकरी, मागच्या दोन खोल्या, पूर्वाची दोन वर्षं, सगळं त्या एका शब्दाच्या मागे उभं होतं. "दुसऱ्याचा," एकनाथ म्हणाला.

तिकडून अर्बाब म्हणाला, "उद्या सकाळी. त्याला पण आण."

क्रेनने गाडी खडीतून ओढून काढली, आणि बंपर बांधून एकनाथनेच ती मस्कतला आणली. बाळकृष्णराव यावेळी मागे बसले होते, श्यामलाच्या शेजारी. पोलिसांनीच बसवलं. वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली. मळमळ खरी होती म्हणायची.

घरी आल्यावर सुगंधा एकनाथला म्हणाली, "पुढे बसवलंतच का?"

"तुझे भावोजी."

"माझे भावोजी," ती म्हणाली, "पण गाडी तुमच्या ताब्यात." आणि कपाटावरची बॅग खाली काढून तिने तिच्यातल्या जुन्या चादरी बाहेर ठेवायला सुरुवात केली. बॅग लागणार हे तिने धरूनच टाकलं होतं.

सकाळी कौशिक वडिलांना अल अमेरातला सोडायला आला आणि स्वतः गाडीतून उतरलाच नाही. अर्बाब बैठकीत बसला होता. खजूर, कावा, सगळं व्यवस्थित. एकनाथने किल्ली मधल्या तबकात ठेवली. बाळकृष्णराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खातेनिहाय चौकशीला यावं तसे. त्यांना अरबी येत नव्हती, अर्बाबला मराठी. दुभाषी एकच होता.

"सांगा त्यांना," बाळकृष्णराव म्हणाले, "अट चाकाची होती असं मला कळलं. मी चाकाला हात लावलेलाच नाही. गियरच्या दांड्याचा उल्लेख अटीत नव्हता."

एकनाथच्या मनात काय काय येऊन गेलं असेल. थोडं इकडचं तिकडे केलं असतं तर साडूला तिथेच मातीत घालता आलं असतं. पण त्याने शब्दाला शब्द लावून सांगितलं. तेच पुरेसं होतं.

अर्बाबने विचारलं, "न्यूट्रल का?"

"इंधनाची बचत," बाळकृष्णराव म्हणाले. "उतारावर गाडी आपोआप जाते. इंजिन कशाला वापरायचं?"

एकनाथने तेही सांगितलं. अर्बाबने, आता कावा पुरे अशा अर्थाने, पेला हलवून खाली ठेवला. "हा तुमच्या देशात काय करत होता?"

"पाण्याच्या खात्यात साहेब होता, अर्बाब."

"उतारावर पाणी पण असंच मोकळं सोडायचा?" अर्बाब म्हणाला. आणि वर, "माझ्या बहिणीचा फोन आला होता. मोज्यांचं सांगत होती."

एकनाथने यातलं पहिलं वाक्य साडूंना सांगितलं. दुसरं त्याने ठेवून घेतलं. बाळकृष्णराव लाल झाले. म्हणाले, "मी पाहुणा आहे. पाहुण्याशी असं बोलतात?"

"पाहुणा आहेस म्हणून बसवलंय," अर्बाब म्हणाला. "खजूर खा."

मग तो एकनाथकडे वळला आणि किल्ली उचलली. बराच वेळ ती बोटात फिरवत राहिला. "आधीचा ड्रायव्हर मला खोटं बोलला होता," तो म्हणाला. "म्हणाला, मीच चालवत होतो. त्याला मी हातासाठी नाही काढला. तू खरं बोललास. पण त्याला शेजारी कुणी बसवला? तू." किल्ली त्याने स्वतःच्या खिशात टाकली. "सहा महिने बकऱ्यांच्या चाऱ्याची पिकअप चालव. मग बघू. आणि आजपासून माझ्या कुठल्याही गाडीत तुझ्या शेजारी कुणी बसणार नाही. मी पण नाही. समझा?"

"समझा अर्बाब."

पिकअपला मागची सीटच नसते. तेव्हा बाजारात जायचं झालं की सुगंधा मागच्या हौद्यात, चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर बसायची, डोक्यावरून पदर घेऊन, ताठ. वादी कबीरच्या शाळेची पोरं बसमधून हात करायची. ती पण करायची. एकनाथशी मात्र तिने तीन आठवडे कामापुरतंच बोलणं ठेवलं. बॅगेतल्या चादरी हळूहळू परत बॅगेत गेल्या. एप्रिलमध्ये एके सकाळी किल्ली तबकात ठेवलेली दिसली. अर्बाब मागे जाऊन बसला. नंतर एकनाथ त्या गाडीत असला की पुढची सीट कायम रिकामी.

पूर्वाची दोन वर्षं झाली. दोन हजार सोळाच्या मेमध्ये तिचं लग्न ठरलं, मुलगा कराडचा. एकनाथने नोकरी सोडली होती. आमंत्रण श्यामलाला गेलं, म्हणजे बाळकृष्णरावांनाही गेलं. तीन वर्षांत साडूंनी एका शब्दाने विचारपूस केली नव्हती, माफीचं तर सोडाच. उलट गावात सांगितलं होतं की एकनाथची नोकरी अपघातामुळे गेली, ब्रेक बघत नव्हता. एकनाथच्या कानावर ते आलं होतं. त्याने फक्त ते पेटीत ठेवलं, कापराच्या शेजारी.

वऱ्हाड कराडला जायचं, म्हणजे कुंभार्ली घाट. एक गाडी एकनाथ स्वतः चालवणार होता. सकाळी चिपळूणला सगळे जमले. बाळकृष्णराव आले, नवा कुर्ता, हातात काळा चष्मा. सवयीने पुढच्या दाराशी गेले आणि दार उघडलं.

पुढच्या सीटवर डाळिंबांची करंडी होती. अर्बाबच्या बहिणीच्या बागेतली असणं शक्य नव्हतं, हंगामही नव्हता. चिपळूणच्या बाजारातलीच. पण सीटवर नीट ठेवलेली, आणि तिला पट्टा बांधलेला.

बाळकृष्णराव करंडीकडे बघत उभे राहिले. एकनाथ चाकावर हात ठेवून समोर बघत होता. श्यामला काही बोलायला गेली, सुगंधाने तिचा हात धरला.

मग त्यांनी पुढचं दार लावलं, मागचं उघडलं, आणि वाकून आत शिरले. सुगंधाने एक लिंबू काढून भावोजींच्या हातावर ठेवलं. एकनाथने गाडी सुरू केली, चढणीला लागल्यावर गियर खाली घेतला, आणि घाटमाथा येईपर्यंत आरशात एकदाही पाहिलं नाही. मागून फक्त लिंबू हुंगल्याचा आवाज येत होता.